दस्ता गालाला लावताना

मी आयुष्यात साधा कावळाही मारलेला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझं काम कळलं की समोरचा माणूस डोळे मोठे करून पहिली चौकशी हीच करतो. "म्हणजे तुम्ही वाघबिघ मारला असेल!" मी नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो आणि गप्पा पावसापाण्याकडे वळतात. इतकी वर्षं माझ्या धंद्याची चर्चा तिथेच संपत आली. म्हणून ‘तुमच्या कामाबद्दल दिवाळी अंकात लिहा’ असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. ऐकणारा भेटत नाही म्हणून गप्प बसायची सवय झालेल्या माणसाला एकदम चार पानं मोकळी दिली तर तो काय करणार? लिहीतच सुटणार. थोडं लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

सिल्वासाजवळ राखोलीला, दमणगंगेच्या काठी, आमचा कारखाना. तिथे आम्ही शिकारी रायफलींचे दस्ते करायचो. दस्ता म्हणजे रायफलीचं लाकूड. त्याचं मागचं टोक खांद्याला टेकतं, मधल्या भागावर गाल ठेवायचा, पुढचा भाग डाव्या हातात धरायचा. नळी, घोडा, गोळी यातलं काहीही आमच्याकडे नव्हतं. अक्रोडाच्या जाड फळ्या यायच्या, त्यांचे दस्ते व्हायचे, खोक्यांत बसून बोटीने परदेशी जायचे आणि तिकडे कोणीतरी त्यांत आपलं लोखंड बसवायचा. आपल्याकडे शिकारीला बंदी, त्यामुळे आमचा माल गावात कोणाच्या नजरेला पडत नसे. कामावर जाताना खानवेलच्या बसमध्ये शेजारचा माणूस विचारायचा, काय बनवता? लाकडाचं काम, म्हटलं की तो म्हणायचा, "फर्निचर ना?" मी मान डोलवायचो. खोटंही नव्हतं ते. मी जातीचा आणि हाताचा सुतार. शिरपूरकडच्या खेड्यात वडिलांबरोबर चौकटी, खाटा, पाळणे करून मग इकडे आलेला.

कारखान्यात सगळे मला तात्या म्हणत. मी दस्ते करत नसे, तपासत असे. लाकडाच्या रेषा कशा गेल्यात ते पाहायचं. मुठीच्या बारीक जागेतून रेषा लांबीने गेली पाहिजे, आडवी गेली तर गोळीच्या पाच-पंचवीस धक्क्यांत तिथे तडा जाणार. मूठ हातात भरते का, बोट घोड्याच्या जागेवर सहज पोचतं का, मागचं टोक खांद्याच्या खळग्यात नीट बसतं का, हे पाहायचं. पण खरं काम गालाचं. दस्त्याच्या वरच्या ज्या कडेवर गाल टेकतो, ती कड किती उंच आहे त्यावर डोळा कुठे येणार ते ठरतं. कड उंच झाली तर डोळा वर, खाली गेली तर डोळा खाली. डोळा चुकला की नेम चुकला. मग नेमबाज कितीही मोठा असो.

हे तपासायची पद्धत मोठी गमतीची आहे. आमच्याकडे अॅल्युमिनियमची एक नकली नळी होती. तिच्या मागच्या बाजूला उभ्या पत्र्यात कापलेली एक खाच आणि पुढच्या टोकाला एक दाणा. त्या दाण्याला माशी म्हणतात. नळी दस्त्यावर चढवायची, समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि डोळे मिटायचे. मिटल्या डोळ्यांनीच दस्ता खांद्याला लावायचा, गाल टेकायचा, मान सैल सोडायची आणि मग डोळे उघडायचे. खाचेच्या बरोबर मधोमध माशी दिसली तर दस्ता पास.

डोळे मिटायचे का? तर उघड्या डोळ्यांनी माणूस लबाडी करतो. लाकूड वाकडं असलं तरी मान आपोआप वाकते, गाल थोडा उचलला जातो, आणि आपल्याला वाटतं, छान बसलंय. डोळे मिटले की शरीराला जुळवून घेता येत नाही. जे आहे ते तसं समोर येतं.

यासाठी मला कारखान्याच्या टोकाला एक वेगळी खोली दिली होती. मशीनचा आवाज तिथे कमी यायचा. पांढरी भिंत, तिच्यावर काळा ठिपका, खुंट्यांवर दस्ते आणि मी. दिवसभर डोळे मिटायचे आणि उघडायचे. सबंध सिल्वासात या कामाचा दुसरा माणूस नव्हता. गिरणीतल्या माणसाला दुसरा गिरणीवाला भेटतो, मास्तरांना मास्तर भेटतात, माझं दुखणंखुपणं ज्याला कळेल असा कोणी नव्हता. ज्यांच्या गालाला मी लाकूड बसवत होतो त्यांचे चेहरेही मी कधी पाहिले नाहीत. कुठल्या तरी बर्फात, कुठल्या तरी झाडाआड ते उभे असतील. चहाच्या सुट्टीत मी कप घेऊन नदीच्या बाजूच्या कठड्यापाशी उभा राहायचो, तेव्हा कधीकधी मला वाटायचं की त्यांना तरी माहीत असेल का, हे लाकूड आधी कोणाच्या गालाला लागून आलंय.

असो. जरा मजेच्या गोष्टी सांगतो.

एकदा एका थंड देशातून तक्रार आली की दस्ते लांब पडतायत. शेठनी मोजपट्टी लावली. कागदावरच्या मापाला बरोबर. आमचे शेठ वापीकडचे गुजराती, मापाच्या बाबतीत फार कडक. ते म्हणाले, गिऱ्हाईक उगाच कटकट करतंय. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी आमच्या नेपाळी वॉचमनचा हिवाळ्यातला कोट मागून घेतला. त्याच्या आत दोन स्वेटर चढवले. मे महिना होता. सिल्वासातला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना मी काय सांगू! सगळा कारखाना दारात उभा राहून हसत होता. मी घामाने निथळत डोळे मिटले, दस्ता खांद्याला लावला आणि उघडले. बोट घोड्याच्या जागेपर्यंत पोचेना. तिकडची माणसं जाड कोट घालून शिकार करतात, त्या कोटाची जाडी कागदावर कोणी धरलीच नव्हती. दस्ते बोटभर कापले आणि तक्रार मिटली. त्या दिवसापासून मोजपट्टी एक म्हणाली आणि मी दुसरं म्हणालो तर शेठ हात झटकून म्हणायचे, "तात्या, तमे कहो ए फाइनल." हा मान मला फार आवडायचा. पुढे याच मानाने माझी पंचाईत केली, ते सांगणारच आहे.

आणखी एकदा एक म्हातारे गृहस्थ शेठच्या ओळखीने आले होते. त्यांच्या आजोबांच्या रायफलीचा दस्ता तडकला होता, तसाच नवा करून हवा होता. जुनं लाकूड त्यांनी धोतराच्या कापडात बांधून आणलेलं. मी ते त्यांच्या खांद्याला लावून पाहिलं. आजोबा उंचेपुरे असणार, हे ठेंगणे. त्यांचं बोट घोड्याच्या जागेपासून कितीतरी मागे राहिलं. मी म्हटलं, "दादासाहेब, तुमच्या मापाचा करतो की." ते म्हणाले, "मला कुठे गोळी झाडायचीय? तो आजोबांच्या खांद्याचा आहे, तसाच ठेवा." तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलंय. आता तसं वाटत नाही.

आता सुमनचं सांगतो. सुमन म्हणजे माझी बायको. आम्हाला मूलबाळ नव्हतं. सिल्वासातल्या डोकमर्डीला दोन खोल्यांत आम्ही दोघं.

एका परदेशी गिऱ्हाइकाने बायकांसाठी दस्ते मागवले. तिकडे बायकाही शिकार करतात. मी मापं उतरवून नमुना केला आणि खांद्याला लावला तर माझ्या शरीराला काही कळेचना. माझा खांदा, माझी छाती पुरुषाची. कारखान्यात घासकाम करणाऱ्या बायका होत्या, पण त्यांना विचारायचं कसं? शेवटी मी दस्ता नळीसकट उशीच्या अभ्र्यात घातला आणि बसने घरी आणला.

सुमन पोळ्या लाटत होती. अभ्र्यातून ते लांब प्रकरण निघालेलं बघून ती ओरडली, "हाई काय लई उनात घरमा?" ती चिडली की अहिराणीत बोलायची. मी समजावून सांगितलं. तिने पदराला हात पुसले, तरी पीठ राहिलंच. मी भिंतीवर ठिपका हवा म्हणालो तर तिने कुंकवाची टिकली उचलून लावली. मग तिने डोळे मिटले, दस्ता खांद्याला लावला आणि हसू दाबत उभी राहिली.

"उघड आता. काय वाटतं?"

"दिसतंय ते बरोबर दिसतंय. पण इथं रुततंय." तिने गळ्याच्या हाडाखाली अंगठा टेकवून जागा दाखवली.

दस्त्याच्या मागच्या टोकाचा खालचा कोपरा तिला टोचत होता. माझ्या सपाट छातीला तो कधीच टोचला नसता. मी दुसऱ्या दिवशी तो कोपरा बाहेरच्या बाजूला घेतला, पुन्हा घरी आणला, पुन्हा डोळे मिटायला लावले. तीन खेपांनी ती म्हणाली, "आता काही नाही वाटत." आमच्या कामात याहून मोठी शाबासकी नाही. दस्ता अंगाला लागलेला कळताच कामा नये.

पुढे बायकांचे दस्ते आले की अभ्र्यातून डोकमर्डीला यायचेच. लाकडावर कधी पीठ लागलेलं असायचं, कधी हळद. कारखान्यातला गुलाब ते पुसताना म्हणायचा, "वहिनीनी सही करी दिधी." गुलाब आमच्याच बाजूचा, चोपड्याचा. कॉपी मशीनवर असायचा. त्या मशीनमध्ये एका बाजूला पक्का नमुना लावायचा, त्यावरून एक बोट फिरतं आणि दुसऱ्या बाजूला कोऱ्या लाकडावर तसाच्या तसा दस्ता कोरला जातो. मशीन चांगलं, पण त्याचे नखरे फक्त गुलाबला कळायचे.

एका गिऱ्हाइकाने एकदा फोटो पाठवला. बर्फात आडवं पडलेलं हरीण, शेजारी गुडघ्यावर बसलेली हसरी बाई आणि तिच्या हातात आमचा दस्ता. मी मोठ्या हौसेने घरी आणून दाखवला. सुमन बराच वेळ बघत राहिली.

"आपण नीट बसवलं म्हणून नीट लागलं का हो?"

मी म्हटलं, "दस्ता नीट बसला की जनावर एका गोळीत जातं. तडफडत नाही."

"मग बरं," ती म्हणाली. पण फोटो तिने कपाटावर उलटा ठेवला आणि तो पुढे कधी सुलटा झाला नाही. मीही केला नाही.

सुमनचं दुखणं अचानक आलं आणि फार लवकर आटोपलं. त्याबद्दल मला लिहायचं नाही. दिवसकार्य करून गावाहून परत आलो, कुलूप काढलं आणि दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो. घरी बसून काय करायचं होतं? भिंतीवर ती टिकली तशीच होती. सकाळी चहा-खारी, दुपारी कँटीनमधलं काहीतरी चिवडायचं आणि संध्याकाळी केळं खाऊन पडायचं. भूक लागतच नव्हती. एका माणसासाठी स्टोव्ह पेटवायचा कंटाळा येतो हे मला तेव्हा कळलं. आरसा मी दाढीपुरता बघायचो, आणि दाढी करताना माणूस चेहरा बघत नाही, ब्लेड बघतो.

त्याच सुमारास आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा मोठा माल निघाला. मी पहिला दस्ता उचलला, डोळे मिटले, लावला, उघडले. माशी दिसेना. खाचेच्या पत्र्याआड गेली होती. म्हणजे डोळा खाली, म्हणजे कड खाली. दुसरा घेतला, तेच. दहावा घेतला तरी तेच. मी खडूने फुल्या मारत गेलो.

गुलाबला बोलावलं. म्हटलं, "कड खाली कापतोय तू." त्याने मशीन उघडलं, पाती बदलली, बोट नव्याने बसवलं आणि पाच दस्ते काढून आणले. पाचही खाली. मग मी लाकडावर संशय घेतला. पावसाळा होता, आमच्याकडच्या दमट हवेत लाकूड पाणी पितं, फुगतं, पुन्हा आकसतं. भट्टीत वाळवलेलं लाकूड आणवलं. तरी खाली. मोजपट्टी लावली तर ती म्हणायची, माप बरोबर. पण मोजपट्टीला मी एकदा मे महिन्यात कोट घालून हरवलं होतं ना! शेठनी पट्टीकडे पाहिलंही नाही. "तात्या कहते हैं नीचे है, तो नीचे है."

मालाचा ढीग वाढला, माल न्यायची बोट चुकायची वेळ आली. शेवटी शेठ माझ्या खोलीत आले आणि माझ्यासमोरच गुलाबला म्हणाले, "गुलाबभाई, मशीन अब आपसे संभलती नहीं. सोमवार से दूसरा आदमी देखते हैं."

गुलाबने फडक्याला हात पुसले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी ठिपक्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं, पण मी खरं तेच सांगत होतो, निदान माझी तशी खात्री होती. गुलाबची बायको, त्याची दोन मुलं, म्हातारी आई, सगळे डोकमर्डीलाच आमच्या मागच्या चाळीत. त्या मशीनखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि मलाही या गालाखेरीज काही येत नव्हतं. दोघांतल्या एकाचं चुकत होतं, आणि ते माझं असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी दार वाजलं. गुलाब उभा होता, हातात डबा.

"जेवनात का?" त्याने विचारलं.

मला वाटलं हा नोकरीसाठी गयावया करायला आलाय. मी म्हटलं, "गुलाब, मी काय करू? मला दिसतं ते मी सांगतो."

"ते ऱ्हाऊ द्या. जेवनात का?"

तो सरळ आत स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर स्टोव्ह कोरडा, शेजारी तवा पालथा आणि त्याच्यावर धूळ. गुलाबने तव्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट बघत उभा राहिला. मग दिव्याखाली येऊन त्याने माझ्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला राग आला.

"काय बघतोस?"

"काही नही." त्याने डबा उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी. मी अर्धी भाकरी खाल्ली. तो समोर बसून राहिला, नोकरीचा शब्दही काढला नाही. उठताना म्हणाला, "तात्या, उद्या रविवार शे. दोन घंटा कारखान्यामा या. मी चावी मांगी लेस."

मी गेलो. कारखाना बंद असताना किती शांत असतो! नदीचा आवाज थेट माझ्या खोलीपर्यंत येत होता. गुलाबने मशीनवरून पक्का नमुना उतरवून आणला होता. ज्याच्यावरून हजारो दस्ते कोरले गेले तो. त्यावर त्याने नळी चढवली आणि माझ्या हातात दिला.

"डोया मिटा."

नमुना तपासायची आमच्यात पद्धतच नव्हती. नमुन्यावरून सगळं तपासायचं, नमुन्याला कोण तपासणार? तो कित्येक वर्षांपूर्वी मीच पास केलेला, याच खोलीत, याच गालाने. मी डोळे मिटले, लावला, मान सोडली आणि उघडले.

माशी दिसेना.

मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग म्हणालो, "गुलाब, नमुना झिजलाय."

माझ्या तोंडातून हे खरंच निघालं. आज लिहिताना हसू येतं. माणूस शेवटपर्यंत लाकडालाच दोष देतो.

गुलाब हसला नाही. त्याने माझ्या हातातून दस्ता काढून घेतला आणि खाली ठेवला. मग फार हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "लाकूडले काहीच नही व्हयनं, तात्या. तुमना गाल बसी गया."

मी गालावर हात ठेवला. इतके दिवस ब्लेड तिथून फिरत होतं, पण हात पहिल्यांदा फिरला. जिथे मांस होतं तिथे हाड लागलं. सुमनच्या हातचं खाऊन भरलेला तो गाल होता, आणि त्या भरल्या गालाच्या मापाने मी जगभरच्या लोकांचे दस्ते पास करत आलो होतो. ती गेली आणि माझं माप गेलं. मला रडू आलं. तिच्या दहाव्यालाही मी इतका रडलो नव्हतो. गुलाब पाठमोरा होऊन खुंट्यांवरचे दस्ते नीट करत राहिला.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "फेल्ट आण."

फेल्ट म्हणजे लोकरीचं दाबलेलं जाड कापड. खोक्यांत दस्ते घासू नयेत म्हणून त्याच्या पट्ट्या घालायचो. गुलाबने गालाच्या कडेवर एक पट्टी ठेवली. मी डोळे मिटून लावला. माशी नाही. दुसरी पट्टी ठेवली, माशीचं नुसतं टोक दिसलं. तिसरी ठेवली आणि डोळे उघडले तर खाचेच्या बरोबर मधोमध माशी आणि तिच्यापलीकडे भिंतीवरचा ठिपका. तीन पट्ट्या. मी त्या हातात घेऊन चिमटीत दाबून पाहिल्या. माझं किती गेलं होतं ते त्या चिमटीत मावत होतं.

तीन पट्ट्या गालाखाली धरून आम्ही तो सगळा ढीग तपासला. एकूण एक दस्ता बरोबर होता. मीच खडूने मारलेल्या फुल्या मीच ओल्या फडक्याने पुसल्या.

सोमवारी शेठ यायच्या आधीच मी त्यांच्या केबिनबाहेर उभा होतो. मी सांगितलं, "माल बरोबर आहे, मशीन बरोबर आहे, गुलाब बरोबर आहे. माझा गाल चुकला. आता गुलाबला काढायचं नाही, काढायचं तर मला काढा." शेठनी माझ्याकडे नीट पाहिलं, मला वाटतं कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. मग खुर्ची पुढे ओढून दिली आणि कँटीनवाल्याला हाक मारली, "तात्या माटे नास्तो लाव." गुलाब मशीनवर राहिला. मीही राहिलो. पण त्यानंतर ‘तमे कहो ए फाइनल’ असं शेठ पुन्हा म्हणाले नाहीत. मोजपट्टी आणि मी, दोघांनाही विचारायचे. ते योग्यच होतं, तरी मला लागलं.

गुलाबच्या घरून रोज डबा येऊ लागला. दर काही आठवड्यांनी आम्ही नमुना उतरवायचो आणि पट्ट्या लावून बघायचो. वर्षाच्या आत तिनाच्या दोन झाल्या. पुढे केव्हातरी दोनाची एक झाली. ती एक मात्र राहिली. मी जेवत होतो, झोपत होतो, गाल वरून बराही दिसायला लागला होता, पण डोळे मिटून लावला की एक पट्टी लागायचीच. तशीच ती गालाखाली धरून मी उरलेली वर्षं काम केलं. बायकांच्या दस्त्यांचं काम मात्र मी सोडून दिलं. शेठनी कारण विचारलं नाही.

आता आमच्या कारखान्यात लाकूड येत नाही. प्लास्टिकचे दस्ते होतात आणि गालाच्या कडेला स्क्रू असतो. तो फिरवा, कड आपल्या गालापाशी वर येते. कोणाचा गाल भरलेला, कोणाचा बसलेला, कारखान्याने त्याची फिकीर करायची गरज उरली नाही. चांगलीच सोय आहे. मी त्यांचं नवं मशीन पाहून आलो, कौतुक केलं आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा नमुना भंगारात जाणार होता. शेठनी तो नकली नळी आणि गालाखालच्या पट्टीसकट मला दिला. डोकमर्डीच्या बाहेरच्या खोलीत तो कोपऱ्यात उभा असतो. शेजारच्या नव्या भाडेकरूंना वाटतं म्हाताऱ्याकडे बंदूक आहे. त्यामुळे माझ्या दारात कोणी मोठ्याने भांडत नाही, हा एक फायदा. भिंतीला मध्यंतरी रंग दिला, पण टिकलीभोवतीची जागा मी रंगवू दिली नाही. रंगारी म्हणाला, "अंकल, दाग रह जाएगा." मी म्हटलं, राहू दे.

दरवर्षी दिवाळीत गुलाब फराळाचं घेऊन येतो. त्याचेही केस आता पांढरे झालेत. फराळाआधी तो कोपऱ्यातून नमुना उचलतो, माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "डोया मिटा, तात्या." आमच्या दोघांच्या दिवाळीची सुरुवात अशी होते.

गेल्या वर्षी मी टिकलीकडे पाहून डोळे मिटले, तेव्हा त्याने न सांगता कडेवरची पट्टी काढून घेतली. मला कळलं होतं, लाकूड गालाला थंड लागलं. मी मान सैल सोडली आणि डोळे उघडले. टिकली नव्हती, माशीही नव्हती. समोर नुसता खाचेचा पत्रा.

"अजून लागते रे," मी म्हटलं.

गुलाबने पट्टी परत जागेवर ठेवली आणि वरून बोटाने हलकेच दाबली.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "ती काढानी नही."

मी पुन्हा डोळे मिटून लावला. या खेपेला टिकली जागेवर होती. मग आम्ही दोघं फराळाला बसलो.